अंथरूण पाहून पाय पसरा : ऑनलाइन कोर्सची लांबी आणि मांडणी

जुलै महिना उजाडला की होस्टेलच्या ग्रुपवर दोन याद्या हमखास फिरतात. एक मेसच्या मेनूची आणि दुसरी 'स्वयं'वरच्या ऑनलाइन कोर्सेसची. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, त्यामुळे जो तो दोन-तीन कोर्सेसना नाव घालून मोकळा होतो. पहिल्या आठवड्यात उत्साह दांडगा असतो. दुसऱ्या आठवड्यात "रविवारी एकदम बघू की" सुरू होतं. गणपती बसेपर्यंत कोर्सचा पासवर्डसुद्धा आठवत नाही!

याचा दोष आपण लगेच मुलांच्या आळसावर टाकतो. आळस असतो, नाही असं नाही. पण सगळा दोष त्याचाच आहे का? हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन कोर्सेसचा अभ्यास २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. २०१७-१८ या वर्षी नाव नोंदवणाऱ्या शंभरांपैकी साधारण तीन जणांनीच कोर्स पूर्ण केला होता. निम्म्याहून अधिक लोक नाव नोंदवल्यावर कोर्समध्ये आत शिरलेच नव्हते. म्हणजे ही गोष्ट फक्त आपल्या होस्टेलची नाही, जगभरची आहे. त्याच अभ्यासात, पैसे भरून प्रमाणपत्र मिळवायचंच असं ठरवलेल्यांत हे प्रमाण शंभरात ४६ होतं. तरीही निम्म्याहून जास्त गळालेच की!

तेव्हा प्रश्न असा, की कोर्स किती लांब असावा आणि त्याची मांडणी कशी असावी, म्हणजे बसलेला माणूस मध्येच उठून जाणार नाही? हा प्रश्न आता आपल्या कॉलेजच्याही दारात आला आहे. आपले अनेक सर-मॅडम स्वतःच्या विषयाचे व्हिडिओ तयार करताहेत. सीनियर मुलं ज्युनिअर्ससाठी सी प्रोग्रॅमिंग, ऑटोकॅड असे छोटे कोर्स करताहेत. आणि शिकणारे तर आपण सगळेच आहोत. म्हणून हा लेख कोर्स करणाऱ्यांसाठी आणि कोर्स बनवणाऱ्यांसाठी, दोघांसाठीही आहे.

चाळीस तासांपासून दहा मिनिटांपर्यंत

आपल्या देशात या कामाची मोठी सुरुवात २००३ साली एनपीटीईएलने झाली. सात आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी यांनी मिळून हा प्रकल्प हाती घेतला. त्या काळात एक कोर्स म्हणजे साधारण चाळीस व्याख्यानं आणि प्रत्येक व्याख्यान जवळजवळ एक तासाचं. वर्गातला सेमिस्टर जसाच्या तसा कॅमेऱ्यापुढे मांडला होता. ज्या कॉलेजात त्या विषयाचे शिक्षक नव्हते, तिथल्या मुलांना त्याचा फार मोठा आधार झाला. आजही परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आपण तीच व्याख्यानं शोधतो. पण तो साठा होता, कोर्स नव्हता. विहिरीत पाणी भरपूर, पण बादलीभर कधी आणि किती काढायचं हे सांगणारं कोणी नाही.

२०१४ पासून एनपीटीईएलने प्रमाणपत्राचे कोर्स सुरू केले आणि मांडणी बदलली. ९ जुलै २०१७ रोजी 'स्वयं'चं औपचारिक उद्घाटन झालं. आज एनपीटीईएलचे कोर्स प्रामुख्याने तीन मापांत मिळतात : ४ आठवडे, ८ आठवडे आणि १२ आठवडे. साधारण हिशेब असा, की ४ आठवड्यांना १ क्रेडिट, ८ आठवड्यांना २ आणि १२ आठवड्यांना ३. दर आठवड्याला नवा भाग उघडतो, त्याची असाइनमेंट असते, तिला शेवटची तारीख असते. बादली आणि दोरी दोन्ही आली!

दुसरं उदाहरण मुंबईच्या आयआयटीचं. तिथे प्रा. कण्णन मौदगल्य यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्यूटोरियल' हा प्रकल्प उभा राहिला. त्याचं माप एकदम वेगळं : एक धडा साधारण दहा मिनिटांचा. एका खिडकीत धडा चालू ठेवायचा, शेजारच्या खिडकीत तेच स्वतः करून बघायचं. बघत बघत हात चालवायचा. यातले बरेच धडे मराठीतूनही ऐकता येतात.

आणि त्याही आधीचं, छापील उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. त्यांची पुस्तकं उघडून बघा. प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मध्ये स्वयं-अध्ययनाचे प्रश्न, शेवटी सारांश. समोर शिक्षक नसताना विद्यार्थी एकटा कसा शिकेल, हा विचार त्या मांडणीत आहे. ऑनलाइन कोर्सची पूर्वतयारी आपल्याकडे कागदावर कधीच झाली होती.

घड्याळाचा हिशेब

कोर्सची लांबी ठरवताना सगळे पहिल्यांदा व्हिडिओ मोजतात. "तीस तासांचा कोर्स आहे" असं म्हणतात. इथेच गणित चुकतं.

२०२३ साली आलेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटसाठी शिकण्याचे ३० तास धरले आहेत. हे तास म्हणजे नुसतं ऐकणं नव्हे. वाचन, सराव, असाइनमेंट, परीक्षेची तयारी हे सगळं त्यात येतं. आता ३ क्रेडिटचा, १२ आठवड्यांचा कोर्स घ्या. ३० गुणिले ३ म्हणजे ९० तास. त्याला १२ ने भागा : आठवड्याला साडेसात तास. त्यात व्हिडिओ साधारण अडीच तासांचा असेल, तर उरलेले पाच तास कुठे गेले? ते कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

होस्टेलच्या मुलाचं वेळापत्रक बघू. दिवसभर लेक्चर आणि प्रॅक्टिकल. संध्याकाळी फाईल, जर्नल, सबमिशन. मेसची वेळ, कपडे, घरी फोन. रविवारी अर्धा दिवस झोप आणि उरलेला अर्धा रंकाळ्यावर. प्रामाणिकपणे मोजलं, तर चालू सेमिस्टरमध्ये ऑनलाइन कोर्ससाठी आठवड्याला चार-पाच तास निघतात. मग साडेसात तास मागणारे तीन कोर्स एकदम घेणं म्हणजे आठवड्याला साडेबावीस तासांचं कर्ज काढण्यासारखं आहे. हप्ता थकणारच!

कोर्स बनवणाऱ्यानेही सुरुवात इथूनच करावी. माझ्या विद्यार्थ्याकडे आठवड्याला किती तास आहेत? आधी अंथरूण मोजायचं, मग पाय पसरायचे. लांब कोर्सला गळती जास्त असते, हे ब्रिटिश संशोधक केटी जॉर्डन यांनी २०१५ सालच्या अभ्यासात बऱ्याच कोर्सेसचे आकडे जमवून दाखवलं आहे. म्हणून शंका असेल तेव्हा १२ आठवड्यांचा एक कोर्स करण्यापेक्षा ४ आठवड्यांचे तीन सुटे कोर्स करावेत. पहिला पूर्ण केलेल्याच्या हातात काहीतरी पडतं आणि तो दुसऱ्याकडे वळतो. बारा आठवड्यांच्या कोर्समधून पाचव्या आठवड्यात बाहेर पडलेल्याच्या हातात मात्र काहीच उरत नाही.

आधी शेवट ठरवा

हे सगळं हवेत राहू नये म्हणून आपल्याच गावातलं एक उदाहरण घेऊ. कोल्हापूर म्हणजे फौंड्रीचं गाव. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथे ओतकामाचे कारखाने आहेत आणि आपल्या मेकॅनिकलच्या कितीतरी मुलांची पहिली नोकरी तिथेच लागते. समजा, आपल्याला 'मोल्डिंगची वाळू' या विषयावर मराठीतून एक छोटा कोर्स करायचा आहे. शिकणारे कोण? दुसऱ्या वर्षाची मुलं आणि नुकते कामाला लागलेले डिप्लोमाचे सुपरवायझर.

साधारणपणे आपण काय करतो? पुस्तकाची अनुक्रमणिका समोर ठेवतो. ओतकामाचा इतिहास, फायदे-तोटे, वाळूचे प्रकार, गुणधर्म, चाचण्या, दोष. असा कोर्स सुरू झाला, की खरं काम येईपर्यंत तिसरा आठवडा उजाडतो आणि तोवर अर्धा वर्ग पसार झालेला असतो.

त्याऐवजी उलटीकडून सुरुवात करा. कोर्स संपल्यावर मुलाला नेमकं काय करता आलं पाहिजे, ते एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ : "कास्टिंगमध्ये ब्लोहोल आले तर वाळूचा नमुना घेऊन ओलावा, परमिॲबिलिटी आणि ग्रीन स्ट्रेंग्थ तपासता यावी आणि आधी काय दुरुस्त करायचं ते कारणासकट सांगता यावं." बस्स. हे वाक्य भिंतीवर चिकटवा.

आता प्रत्येक मुद्द्याला एकच प्रश्न विचारा : हा मुद्दा गाळला, तर वरचं काम अडतं का? अडत असेल तर ठेवा. वाळूत सिलिका, बेंटोनाईट, पाणी आणि कोळशाची पूड कशासाठी असते, हे हवंच. ओलावा वाढला की काय होतं, हे हवंच. पण जगातल्या सगळ्या मोल्डिंग पद्धतींची यादी? नको. लोह-कार्बनची संपूर्ण आकृती? इथे नको, तिचा वेगळा कोर्स करा. गाळताना जीव तुटतो, विशेषतः विषयावर प्रेम असणाऱ्या सरांचा! पण मुद्दे कमी करण्याचं धाडस झालं, तरच लांबी आटोक्यात येते. गाळलेलं फेकून द्यायचं नाही. 'अधिक वाचनासाठी' म्हणून शेवटी ठेवायचं.

लांबीचं गणित

आता तास मोजू. आठवड्याला ४ तास, ४ आठवडे, म्हणजे १६ तास. यातला साधारण पाव भाग बघण्यासाठी आणि पाऊण भाग करण्यासाठी ठेवू. पाव भाग म्हणजे ४ तास, म्हणजे २४० मिनिटं. एक व्हिडिओ ८ मिनिटांचा धरला, तर ३० व्हिडिओ. आठवड्याला सात किंवा आठ. एवढाच आपला कोर्स! तिसावा धडा लिहून झाला आणि अजून सांगायचं राहिलं, तर एकतिसावा करायचा नाही. आधीच्यांतला एक काढायचा.

आठच मिनिटं का? २०१४ साली एडेक्सच्या चार कोर्सेसमधल्या जवळजवळ ६९ लाख वेळा पाहिलेल्या व्हिडिओंचा अभ्यास झाला. व्हिडिओ कितीही लांब असो, मुलं सलग बघत बसण्याचा मधला काळ सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता. स्पोकन ट्यूटोरियलचं माप दहा मिनिटांच्या आसपास आहे. तेव्हा सहा ते दहा ही पट्टी धरायला हरकत नाही. पण एक लक्षात ठेवा. एक तासाचं व्याख्यान कात्रीने कापून सहा तुकडे केले, म्हणजे सहा धडे झाले असं नाही. प्रत्येक धड्याला स्वतःचा एक प्रश्न आणि त्याचं एक उत्तर हवं. उसाचं कांडं पेरावर तोडतात, मध्येच नाही.

आठवड्याची मांडणी

आपल्या वाळूच्या कोर्सचे चार आठवडे असे लावता येतील :

पहिला आठवडा : वाळूत काय काय असतं आणि कोण काय काम करतं? पहिल्याच धड्यात ब्लोहोल पडलेलं कास्टिंग दाखवायचं आणि विचारायचं, "हे का झालं असेल?" उत्तर लगेच द्यायचं नाही. चार आठवडे तोच प्रश्न पाठीशी लावायचा.

दुसरा आठवडा : ओलावा. वाळू तोलायची, १०५ ते ११० अंश सेल्सिअसला पूर्ण वाळवायची, पुन्हा तोलायची. ५० ग्रॅमची ४८.२ ग्रॅम झाली तर १.८ ग्रॅम पाणी गेलं, म्हणजे ओलावा ३.६ टक्के. हा प्रयोग कुणालाही करता येतो. लॅब नसली तर अर्धा किलो ओली वाळू, जुना तवा आणि वजनकाटा पुरे. आकडा फौंड्रीतल्यासारखा येणार नाही, पण पद्धत हातात बसेल.

तिसरा आठवडा : परमिॲबिलिटी आणि स्ट्रेंग्थ. ५०.८ मिलिमीटर व्यास आणि तेवढीच उंची असलेला प्रमाण नमुना रॅमरच्या तीन ठोक्यांत कसा तयार करतात, ते दाखवायचं. २००० घनसेंटिमीटर हवा त्यातून जायला किती सेकंद लागले, ते मोजायचं. ठराविक दाब असताना ३००७ ला त्या सेकंदांनी भागलं की परमिॲबिलिटीचा आकडा येतो. ३० सेकंद लागले तर साधारण १००. पाणी वाढवत गेलं की स्ट्रेंग्थ आधी वाढते आणि एका टप्प्यानंतर घटते, हा आलेख मुलांनी स्वतः काढायचा.

चौथा आठवडा : दोषांचा तपास. नवीन माहिती जवळजवळ नाहीच. तीन कास्टिंगचे फोटो आणि त्यांच्या वाळूचे आकडे द्यायचे. मुलाने कारण शोधायचं आणि आधी काय तपासणार, ते लिहायचं. त्यातलं एक उदाहरण मुद्दाम असं ठेवायचं, की वाळू चांगली आहे आणि दोष ओल्या कोअरमुळे आला आहे. नाहीतर मुलं प्रत्येक गोष्टीचं खापर वाळूवर फोडायला शिकतात.

बघा, प्रत्येक आठवड्याचा सांगाडा एकच आहे : एक प्रश्न, सात-आठ धडे, एक करून बघण्याचं काम, एक छोटी चाचणी. सांगाडा दर आठवड्याला बदलू नये. तालमीत वस्ताद पोराला रोज नवी शिस्त लावत नाही. तेच हौद, तीच माती, तेच जोर-बैठका. डाव तेवढा नवा. शरीराला सवय झाली की लक्ष डावाकडे जातं. ऑनलाइन कोर्समध्येही 'आज कुठे क्लिक करायचं' यात मुलाचं डोकं खर्ची पडू नये. आणि वस्ताद पहिल्याच दिवशी हजार जोर मारायलाही सांगत नाही. पहिला आठवडा सगळ्यात हलका ठेवा. पहिली चाचणी अशी असावी, की धडे बघितलेला प्रत्येक जण पास होईल. पहिलं यश लवकर मिळालं की माणूस टिकतो.

एका धड्याची चौकट

आठ मिनिटं अशी वाटता येतील : एक मिनिट प्रश्न, चार मिनिटं कृती, दोन मिनिटं कारण, एक मिनिट उजळणी. "नमस्कार, मागील व्याख्यानात आपण पाहिलं की..." यातच दोन मिनिटं घालवू नका. संथ, स्पष्ट बोलताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे धड्याची संहिता आठशे ते हजार शब्दांची झाली. ती आधी लिहा. मोठ्याने वाचा, घड्याळ लावा. लिहिलेलं नसलं की आठ मिनिटांचे अठरा होतात.

मुंबई आयआयटीच्या शिक्षण तंत्रज्ञान विभागातल्या प्रा. सहाना मूर्ती, प्रा. श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थीकेंद्री कोर्सची एक पद्धत मांडली आहे. त्यात व्हिडिओला संवाद मानलं आहे. बोलता बोलता शिक्षक थांबतो, विद्यार्थ्याला व्हिडिओ थांबवून विचार करायला, उत्तर लिहायला सांगतो आणि मग पुढे जातो. त्यानंतर लगेच करून बघण्याचा सराव, ज्याला त्याला आपल्या गरजेप्रमाणे पुढचं वाचन आणि आपसांत चर्चा. ही युक्ती फुकटची आहे. "आता व्हिडिओ थांबवा आणि वहीत उत्तर लिहा" एवढं वाक्य घातलं, की बघणारा शिकणारा होतो.

भाषेबद्दल दोन शब्द. आजरा, चंदगड, राधानगरीकडून आलेल्या मुलाला परमिॲबिलिटी हा शब्द अवघड वाटत नाही. त्याच्याभोवतीचं इंग्रजी अवघड वाटतं. तेव्हा तांत्रिक शब्द कारखान्यात जसे बोलतात तसेच ठेवा आणि समजावणं मराठीत करा. प्रत्येक शब्दाचा संस्कृत अवतार शोधण्यात कुणाचंच भलं नाही.

कॅलेंडर विसरू नका

आता एक खास कोल्हापुरी मुद्दा. जुलैत सुरू होणारा १२ आठवड्यांचा कोर्स कुठून कुठून जातो? पंचगंगेच्या पुरातून, गणपतीतून, दसऱ्याजवळून आणि मधल्या टेस्टमधून! राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर धोका. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये काय झालं, ते आपल्याला माहीत आहे. अशा वेळी लाईट नाही, नेट नाही आणि असाइनमेंटची तारीख मात्र ठरलेली.

एनपीटीईएलने यावर साधा उपाय ठेवला आहे. १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये सगळ्यात चांगल्या ८ असाइनमेंट धरतात, ८ आठवड्यांच्या कोर्समध्ये ६ आणि ४ आठवड्यांच्या कोर्समध्ये ३. म्हणजे एखादा आठवडा बुडाला तर कोर्स बुडत नाही. आपणही कोर्स बनवताना अशी ढील ठेवावी. गणपतीच्या आठवड्यात नवीन धडा न देता उजळणी ठेवावी. व्हिडिओ डाउनलोड करून घेता यावेत आणि सोबत दोन पानांचा लेखी सारांश असावा. गावाकडे रेंज नसणाऱ्याला तो सारांशच तारून नेतो.

पाच जणांवर करून बघा

फौंड्रीत पहिल्याच दमात हजार कास्टिंग ओतत नाहीत. आधी नमुना ओततात, कापून बघतात. कोर्सचंही तसंच. स्पोकन ट्यूटोरियलमध्ये धड्याची संहिता आधी जाणकाराकडून आणि मग विषयात अगदी नवख्या माणसाकडून तपासून घेतात. रेकॉर्डिंग त्यानंतर. हा नवखा तपासनीस फार मोलाचा. आपल्याकडे होस्टेलच्या तळमजल्यावर असे नवखे पन्नास मिळतील! पाच ज्युनिअर्सना पहिल्या आठवड्याचे धडे द्या. काही शिकवू नका, फक्त शेजारी बसा. कुठे थांबले, कुठे मागे गेले, कुठे मोबाईल काढला, ते लिहून घ्या. जिथे तिघे अडकले, तिथे दोष तुमच्या धड्यात आहे. त्यांना एकूण किती वेळ लागला, तेही मोजा. चार तास धरलेत आणि सहा लागले, तर कोर्सच्या पाटीवर सहा लिहा किंवा कोर्स कापा.

आणि कोर्स करणाऱ्यांनो...

नाव नोंदवण्यापूर्वी दहा मिनिटं काढून एवढं बघा :

१. आठवडे किती आणि क्रेडिट किती? क्रेडिटला ३० ने गुणा, आठवड्यांनी भागा. येणारे तास तुमच्याकडे आहेत का?

२. कोर्स संपल्यावर काय करता येईल, हे स्पष्ट लिहिलं आहे का? नुसती प्रकरणांची यादी असेल तर सावध राहा.

३. आधी काय येणं गरजेचं आहे? मॅट्रिक्स विसरला असाल तर मशीन लर्निंगच्या बारा आठवड्यांपूर्वी दोन आठवडे मॅट्रिक्सला द्या.

४. गुणांची विभागणी काय? एनपीटीईएलमध्ये २५ गुण असाइनमेंटचे आणि ७५ परीक्षेचे. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३०, दोन्ही लागतात. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते आणि तिचा फॉर्म वेगळा भरावा लागतो. कोर्सला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेला नोंदवलं असं होत नाही. ही तारीख चुकली तर बारा आठवड्यांचं काम हाती असूनही क्रेडिट हुकतं.

५. ते क्रेडिट आपल्याकडे धरलं जातं का? यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयंच्या कोर्सेसमधून घेता येतात, पण कुठला कोर्स कुठल्या विषयाच्या जागी, हे आपलं कॉलेज आणि विद्यापीठ ठरवतं. आधी विभागप्रमुखांना विचारा, मग नाव घाला. शेवटच्या सेमिस्टरला हे विचारायचं राहिलं तर एका कोर्सपायी पदवी अडू शकते.

आणि एका वेळी एकच कोर्स. फार तर एक मोठा आणि एक चार आठवड्यांचा. आठवड्यातले दोन दिवस आणि वेळ ठरवून टाका, उदाहरणार्थ मंगळवार-गुरुवार जेवणानंतर दीड तास आणि रविवारी सकाळी एक. रूममेटबरोबर एकच कोर्स घेतला तर फार उत्तम. एक जण आळसावला तर दुसरा उठवतो.

मित्रांनो, 'पी हळद आणि हो गोरी' असं शिक्षणात होत नाही, मग ते वर्गातलं असो की मोबाईलवरचं. चांगला कोर्स लांब आहे की आखूड, यावर ओळखू नये. बसलेल्यांपैकी किती जण शेवटच्या धड्यापर्यंत पोचले आणि त्यांना काय करता येऊ लागलं, यावर ओळखावा. आपल्या कॉलेजातून या वर्षी चार आठवड्यांचा, तीस धड्यांचा, अगदी एकच मराठी कोर्स जरी तयार झाला आणि शिरोलीच्या एखाद्या फौंड्रीत पहिल्या दिवशी बावरलेल्या मुलाला तो कामी आला, तरी पुष्कळ झालं. कुणाला त्यात हात घालायचा असेल, तर विषय ठरवा, शेवटचं वाक्य लिहा आणि पाच ज्युनिअर्स गोळा करा. तळमजल्यावर रात्री नऊनंतर सगळे जागेच असतात!